ओट्याची उंची कोणी ठरवायची?

एप्रिल जवळ आला की आपल्या वस्त्यांतून रंगाच्या बादल्या दिसू लागतात. जयंतीच्या आत भिंती उजळल्या पाहिजेत, असा आपला रिवाज आहे. ज्यांच्या गाठीशी चार पैसे जमले आहेत, ते स्वयंपाकघरालाही हात घालतात. जुनी फरशी काढायची, नवा ओटा बांधायचा, फ्रीजला जागा करायची. काम मोठे, पैसा मेहनतीचा आणि एकदा सिमेंट बसले की चूक दुरुस्त होत नाही. म्हणून या विषयावर चार शब्द लिहावेत असे वाटले. लिहिण्याचा अधिकार आम्हांला एवढ्याचसाठी की, ही चूक आम्ही स्वतः केलेली आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही पतसंस्थेचे कर्ज काढून स्वयंपाकघरात दोन बाय दोनची पांढरी, चकचकीत फरशी बसवली. दुकानात ती आम्हीच पसंत केली, मिस्त्रीही आम्हीच ठरवला. परित्राण पाठाला आलेले पाहुणे फरशी बघून वाहवा करून गेले. त्याच पावसाळ्यात आमच्या मातोश्री ओल्या पायांनी मोरीकडून ओट्याकडे निघाल्या आणि घसरल्या. मनगटाचे हाड मोडले. खुब्यावर आले नाही हे नशीब समजा, असे डॉक्टर म्हणाले. प्लास्टरमधला हात मांडीवर घेऊन आई म्हणाली, "आरसा कशाला हवा रं खाली? तोंड बघाया भिंतीवर हाय की."

त्या वाक्याने आम्ही खजील झालो. दर वर्षी २५ डिसेंबरला, मनुस्मृती दहनाच्या दिवशी, आम्ही स्त्रीमुक्तीवर भाषण करतो. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी तो ग्रंथ का जाळला, हे तरुणांना समजावून सांगतो. परंतु ज्या फरशीवर घरातील दोन स्त्रिया दिवसाचे सहा-सात तास उभ्या राहणार, ती घेताना त्यांना एका शब्दाने विचारावे, हे आमच्या ध्यानात आले नाही.

शेणाच्या जमिनीपासून इथवर

आपल्या समाजाला स्वयंपाकघर ही वस्तू फार उशिरा मिळाली. गावाबाहेरच्या घरात एकाच खणात चूल, झोप आणि बाळंतपण. जमीन शेणाने सारवलेली, चूल तीन दगडांची. शहरात आल्यावर एक खोली आणि तिच्या कोपऱ्यात मोरी. माता रमाईंनी परळच्या बी.आय.टी. चाळीत काढलेला संसार आपण सर्व जाणतो. धूर खात, इंधन जमवत त्यांनी घर चालवले. आज पुण्यात येरवडा, दापोडी, बोपोडी, ताडीवाला रोड अशा भागांतील आपल्या कितीतरी कुटुंबांना पक्के घर मिळाले आहे. पुनर्वसनाच्या अनेक इमारतींतील घर २६९ चौरस फुटांचे, म्हणजे सर्व मिळून पंचवीस चौरस मीटरचे. अशा घरात स्वयंपाकघराच्या वाट्याला येणारी प्रत्येक फूट जागा विचार करूनच वापरली पाहिजे. दुसऱ्याच्या घरात पाहिले म्हणून आपल्या घरात आणले, असे करून चालणार नाही.

फरशी कोणती घ्यावी?

पुण्यात पूर्वी शहाबादी फरशी सर्रास होती. कर्नाटकातील शहाबादचा हा चुनखडीचा दगड. स्वस्त, टिकाऊ आणि खरबरीत असल्याने पाय धरून ठेवणारा. आंध्रातील काळा कडप्पा आणि राजस्थानातील कोटा हेही चुनखडीच्याच जातीचे. चुनखडीचे वैर आंबटाशी. लिंबू, चिंच, कोकम सांडून राहिले की डाग पडतो आणि चकाकी जाते. मोरीचे ॲसिड तर या दगडांवर कधीही टाकू नये. म्हणून ओट्याला कडप्प्यापेक्षा ग्रॅनाइट चांगला. त्याला आंबटाची बाधा होत नाही. मात्र ज्यांच्या घरी कडप्प्याचा ओटा मजबूत आहे, त्यांनी तो उगाच फोडू नये. सांडलेले लगेच पुसण्याची सवय ठेवावी.

सिमेंटच्या मोझॅक टाइल्स जुन्या इमारतींत अजून आहेत. त्या उखडण्यापूर्वी एकदा पॉलिश करून पाहाव्यात. पुष्कळदा निम्मा खर्च तिथेच वाचतो.

नवी फरशी घ्यायचीच असेल तर दोन प्रकार समोर येतात. व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ शोषत नाही आणि घट्ट असते. साधी सिरॅमिक टाइल थोडे पाणी शोषते, पण स्वस्त पडते. दोन्हींत चकचकीत आणि मॅट असे पोत मिळतात. स्वयंपाकघरासाठी मॅट किंवा अँटिस्किड मागावी. काही कंपन्या घसरण्याचा दर्जा आर-९, आर-१० असा छापतात. आकडा मोठा तितकी पकड जास्त. आर-१० घरातील स्वयंपाकघराला पुरेशी होते. त्याहून खडबडीत घेतली तर फडके अडकते, मळ बसतो आणि पुसणारीचे खांदे भरून येतात.

दुकानात लाजू नये. नमुन्याच्या टाइलवर पाणी टाकावे, त्यात तेलाचा थेंब सोडावा आणि चप्पल काढून पाय घासून पाहावा. दुकानदार हसला तर हसू द्यावे. दुसऱ्या खेपेला आमच्या आईने रविवार पेठेतील दुकानात हेच केले आणि पाच नमुने बाजूला सारले.

रंग फार पांढरा नको, फार काळाही नको. मधल्या रंगाची, बारीक ठिपक्यांची फरशी बरी. पांढऱ्या सिमेंटच्या सांध्यांत हळद बसली की निघत नाही, म्हणून ओट्याजवळच्या भागात तरी इपॉक्सीचे सांधे भरून घ्यावेत. उंबरा ठेवू नये. म्हाताऱ्या माणसांची ठेच तिथेच लागते. जुन्या फरशीवर नवी बसवली तर जमीन सुमारे इंचभर वर येते. मग दार कापावे लागते आणि शेजारच्या खोलीशी पायरी तयार होते. जुनी उखडायची असेल तर सोसायटीची परवानगी घ्यावी आणि सिंकखालचा, मोरीजवळचा भाग वॉटरप्रूफ करूनच पुढे जावे. नाहीतर खालच्या घरात गळती आणि वर भांडण.

जमाखर्च

आमचे स्वयंपाकघर आठ बाय नऊ, म्हणजे ७२ चौरस फूट. दार सोडून भिंतीची लांबी साडेएकतीस फूट. चार इंची पट्टीला सुमारे ११ चौरस फूट लागले. एकूण ८३. तुटफुटीसाठी दहा टक्के धरले की ९१. मिस्त्रीने आधी तोंडी "दीडशे लागतील" असे सांगितले होते. टेप घेऊन स्वतः मोजले तर फसगत होत नाही. पेटीवर किती चौरस फूट आहे ते वाचावे, सर्व पेट्यांवरील बॅच क्रमांक एकच आहे ना ते पाहावे आणि चार टाइल माळ्यावर जपून ठेवाव्यात. पाच वर्षांनी तोच रंग बाजारात सापडत नाही.

खडूने काढलेले स्वयंपाकघर

आता वस्तूंची जागा. ओटा फोडण्यापूर्वी आमच्या पत्नीने एक युक्ती काढली. मुलीच्या हातात खडू दिला आणि नवा ओटा, सिंक, फ्रीज यांच्या खुणा बाहेरच्या खोलीत जमिनीवर मापाने काढायला लावल्या. मग आम्हांला म्हणाली, "अहो, आता यात चहा करून दाखवा." आम्ही रिकामे भांडे घेऊन खडूच्या रेघांतून फिरू लागलो. फ्रीजमधून दूध, नळाचे पाणी, शेगडी, परत फ्रीज, मग कप. मुलगी पावले मोजत होती. साध्या चहाला बावीस पावले झाली आणि वाटेत दोनदा फ्रीजचे दार आडवे आले. मिस्त्रीने कागदावर काढलेला तो नकाशा आम्हीच मंजूर केला होता. फ्रीज दुसऱ्या कोपऱ्यात नेला, त्याचे दार उलट्या बाजूने उघडेल असे पाहिले, आणि पावले नऊवर आली. दिवसाकाठी चहा किती वेळा होतो, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

हा विचार नवा नाही. १९२६ साली जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहरात मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की या स्त्री वास्तुशास्त्रज्ञेने कामगारांच्या घरांसाठी छोटे स्वयंपाकघर आखले. सुमारे सव्वासहा फूट रुंद आणि अकरा फूट लांब. प्रत्येक कामाला किती वेळ लागतो याचा अभ्यास करून तिने वस्तूंच्या जागा ठरवल्या. तशी हजारो स्वयंपाकघरे तिथे बांधली गेली. गरिबाच्या घरातील बाईचे श्रम मोजण्यालायक आहेत, हे शंभर वर्षांपूर्वी कोणीतरी मानले, ही गोष्ट महत्त्वाची.

ओट्याची उंची मिस्त्री सवयीने ठेवतो. खरे माप घरातच असते. स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीने ताठ उभे राहून कोपर वाकवावे. कोपरापासून तीन-चार इंच खाली ओटा असावा. शेगडी स्वतः चार-पाच इंच उंच असते, म्हणून शक्य असल्यास शेगडीचा भाग थोडा खाली घ्यावा. आमचा जुना ओटा उंच होता. पत्नी वर्षानुवर्षे खांदे उचलून पोळ्या लाटत होती आणि आम्ही तिला बाम आणून देत होतो!

गॅस आणि वीज

येथे हयगय नको. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला की जमिनीवर पसरतो. म्हणून सिलिंडर उभा, जमिनीवर, शेगडीच्या पातळीखाली ठेवावा. ओट्याखाली कपाट केले तर त्याच्या दाराला खाली जाळी किंवा भोके हवीतच. नळी आयएसआय शिक्क्याची असावी आणि तिच्यावर छापलेली मुदत संपली की बदलावी. पुण्याच्या अनेक भागांत आता नळाचा गॅस आला आहे. तो हवेपेक्षा हलका, वर जातो. त्यासाठी वरची झरोक्याची जागा मोकळी पाहिजे. वास आला तर दिव्याचे बटण चालू-बंद करू नये, खिडक्या उघडाव्यात, रेग्युलेटर बंद करावा आणि बाहेर पडून १९०६ या क्रमांकावर कळवावे.

फ्रीज शेगडीला खेटून ठेवू नये. मागे चार-सहा इंच जागा सोडावी, नाहीतर उष्णता कोंडते आणि बिल वाढते. सिंकच्या नळाजवळ प्लग नको. मिक्सरचा प्लग ओट्याच्या वर, कोरड्या बाजूला असावा. मायक्रोवेव्ह, इंडक्शन, गीझर यांना १६ अँपिअरचे पॉइंट आणि जाड तारेची वेगळी लाइन हवी. एकाच पॉइंटला तीन पिन लावून सर्व चालवणे म्हणजे आगीला आमंत्रण. अर्थिंग तपासून घ्यावे आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. ओल्या हाताला धक्का बसताच तो क्षणार्धात वीज तोडतो. कपडे धुण्याचे मशीन ड्राय बाल्कनीत बरे. पाण्याच्या फिल्टरमधून वाया जाणारे पाणी बादलीत धरून फरशी पुसायला वापरावे.

दिशा कोणती पाहायची?

काम चालू असताना आमचे एक आप्त येऊन म्हणाले, "शेगडी आग्नेयेला नाही. वास्तू बिघडेल." आम्ही त्यांना आदराने बसवले आणि विचारले, आईचे मनगट मोडले तेव्हा शेगडी बरोबर आग्नेयेलाच होती, त्याचे काय? १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्या भिंतीवर टांगण्यापुरत्या नाहीत. तथागतांनी कालामांना सांगितले ते हेच, की परंपरा आहे म्हणून मानू नका, पारखून घ्या. दिशा पाहायची ती वाऱ्याची आणि उजेडाची. शेगडी खिडकीच्या थेट झोतात आली तर ज्योत विझते. एक्झॉस्ट पंखा शेगडीजवळ उंचावर आणि हवा आत येण्याची वाट त्याच्या समोर, म्हणजे धूर डोळ्यांत न जाता बाहेर पडतो.

आणखी एका वस्तूची जागा आम्ही विचारपूर्वक ठरवली. पाण्याचा माठ. ज्यांच्या पूर्वजांना माठाला हात लावू दिला गेला नाही, पाण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी ज्यांना महाडच्या चवदार तळ्यावर जावे लागले, त्यांच्या घरात माठ आतल्या कोपऱ्यात दडलेला नसावा. तो दारातून दिसेल, येणाऱ्या कोणालाही हात पुढे करून घेता येईल, असा ठेवला. आपल्या स्वयंपाकघरात सोवळे नाही, शिवाशिव नाही. तसेच हे घर एकट्या बाईचेही नाही. आता सकाळचा चहा आम्ही करतो. नऊ पावलांत होतो.

आई हल्ली नव्या फरशीवर अनवाणी फिरते. पाहुणे आता फरशीची वाहवा करीत नाहीत. ती कोणाच्या लक्षातही येत नाही.

बंधूंनो, जयंतीआधी मिस्त्रीला बयाणा देण्यापूर्वी एवढे करा. घरातील भगिनीच्या, मातेच्या हातात खडू द्या आणि तिने ओढलेली रेघ पुसू नका.

जयभीम!