कुळ, घर आणि गाव : चंद्रपूर-गडचिरोलीच्या स्थानिक इतिहासाची साधने आणि त्यांचे वाचन

एखाद्या कुळाचा, घराचा अथवा गावाचा इतिहास लिहू पाहणाऱ्या अभ्यासकाची मुख्य अडचण साधनांच्या अभावाची असते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. चंद्रपूर आणि गडचिरोली या वनप्रधान जिल्ह्यांच्या बाबतीत ही समजूत अपुरी ठरते. येथे साधने अगदीच थोडी नाहीत. परंतु ती विखुरलेली आहेत, भिन्न राजवटींच्या भिन्न प्रयोजनांतून निर्माण झालेली आहेत, आणि त्यांत ज्याची नोंद झाली तो माणूस बहुधा स्वतः लिहिणारा नव्हता. म्हणून साधन कोठे सापडेल या प्रश्नाइतकाच ते कसे वाचावे हा प्रश्न महत्त्वाचा होय. पाठचिकित्सेचा संस्कार असलेल्या मराठीच्या अभ्यासकाला हे काम परके नाही.

प्रथम राजवटींचा क्रम ध्यानात घेतला पाहिजे, कारण दप्तर राजवटीमागे जाते. चांद्याचे गोंड राज्य १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे गेले. १८५४ मध्ये भोसल्यांचे राज्य खालसा झाले आणि १८६१ मध्ये हा मुलूख मध्य प्रांतात आला. सिरोंचाचा प्रदेश १८६० मध्ये निजामाकडून इंग्रजांकडे आला व काही काळ अप्पर गोदावरी जिल्ह्यात राहून १८७४ मध्ये चांद्यास जोडला गेला. राजुरा मात्र १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. तो आधी नांदेडला व १९५९ मध्ये चांद्यास जोडण्यात आला. गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा १९८२ मध्ये झाला. त्यामुळे भोसलेकालीन कागद मोडीत, राजुऱ्याकडील जुने कागद उर्दूत, तर सिरोंचाकडील काही तेलुगूत असण्याची शक्यता गृहीत धरावी लागते. मध्य प्रांताच्या दप्तरासाठी नागपूरचे पुराभिलेखागार आणि राजुऱ्यासाठी हैदराबादचे अभिलेखागार, अशी शोधाची दिशा यातून ठरते.

मुद्रित साधनांत मेजर लूसी स्मिथ यांचा १८६९ चा जमाबंदी अहवाल, १९०९ चे चांदा जिल्हा गॅझेटिअर, रसेल व हिरालाल यांचा १९१६ चा जातिजमातींवरील चार खंडांचा ग्रंथ आणि १९७३ चे चंद्रपूर जिल्हा गॅझेटिअर ही प्रमुख होत. अ. ज. राजूरकर यांचा ‘चंद्रपूरचा इतिहास’ मराठी वाचकांच्या परिचयाचा आहे. या ग्रंथांतील मजकूर पुष्कळदा एकमेकांवरून उतरलेला असतो. लूसी स्मिथ यांनी दिलेली गोंड राजांची वंशावळ पुढील अनेकांनी स्वीकारली, परंतु तिच्यातील कालगणनेबद्दल संशोधकांनी शंका घेतल्या आहेत. चार ग्रंथांत एकच विधान आढळले म्हणून त्याला चार साक्षी मिळाले असे होत नाही; ते एकाच मूळ पाठाचे चार अवतार असू शकतात.

कुटुंबाच्या इतिहासासाठी याहून उपयुक्त ठरतात ते गावपातळीचे कागद : मिसल बंदोबस्त, खसरा, बंदोबस्ताचा नकाशा, गावचे हक्क व रूढी नोंदविणारा वाजिब-उल-अर्ज, निस्तार पत्रक, १९५१ मध्ये मालगुजारी संपुष्टात आल्यानंतरचे अधिकार अभिलेख, कोतवालाची जन्ममृत्यूची पंजी आणि शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर. शहरातील घरासाठी नझूलचे कागद, आखीव पत्रिका आणि १८६७ मध्ये स्थापन झालेल्या चांदा नगरपालिकेच्या कर आकारणीच्या वह्या पाहाव्या लागतात. परकोटाच्या आतील एखाद्या वाड्याचे हस्तांतर, वाटणी व गहाण यांचा माग यांतून लागू शकतो. पूर्वेकडील तलावांच्या गावांत, विशेषतः कोहळी समाजाने जेथे तलाव बांधले तेथे, पाणीवाटपाच्या नोंदींतून घराण्यांचे परस्परसंबंध उलगडतात. ‘मामा तलाव’ या आजच्या नावात माजी मालगुजारीची आठवण शिल्लक आहे.

प्रत्येक कागदाची एक भाषा असते. ‘वल्द’ म्हणजे अमुकाचा पुत्र, ‘जौजे’ म्हणजे पत्नी, ‘बेवा’ म्हणजे विधवा. स्त्री बहुधा या दोन शब्दांच्या आडूनच दप्तरात येते. कोतवालाच्या पंजीत अपत्याचे नाव अनेकदा नसते, कारण बारशापूर्वीच नोंद झालेली असते; तेथे बाप, जात आणि मुलगा की मुलगी एवढेच लिहिलेले आढळते. जुन्या नोंदीत आडनाव असेलच असे नाही, आणि असले तरी ते जातीचा निर्णायक पुरावा ठरत नाही. मेश्राम हे आडनाव गोंडांत आहे, तसेच इतर समाजांतही आहे. झाडीबोलीत ‘ळ’चा ‘र’ आणि ‘ण’चा ‘न’ होतो. बोलणारा झाडीचा आणि लिहिणारा बाहेरचा असेल, तर एकाच माणसाचे नाव दोन रजिस्टरांत दोन प्रकारे येते. अशा ठिकाणी ध्वनिपरिवर्तनाचे ज्ञान वंशावळीच्या कामी येते.

दप्तराची सर्वांत मोठी मर्यादा त्याच्या मौनात आहे. अहेरीसारख्या जमीनदारीत वसुलीचे बरेच कागद जमीनदाराच्या कचेरीत राहत. फिरती शेती करणाऱ्या माडिया कुटुंबाचे नाव एका खसरा क्रमांकाशी बांधलेले सापडणे कठीण. नोंद नाही म्हणून वस्ती नव्हती, हा निष्कर्ष तर्कदुष्ट होय. येथे दुसऱ्या जातीची साधने पुढे येतात : भामरागड-एटापल्लीकडील मृतांच्या स्मरणार्थ उभे केलेले दगड, चार, पाच, सहा वा सात देवांनुसार कुळांची मांडणी सांगणाऱ्या कथा, परधानांच्या मुखी असलेल्या वंशकथा, उजाड गावाची ‘रीठ’ म्हणून टिकलेली खूण, आणि टोला, गुडा, पल्ली यांसारख्या प्रत्ययांची ग्रामनामे. सेतुमाधवराव पगडी यांनी शेजारच्या आदिलाबादेतील गोंडांचा अभ्यास त्यांची भाषा शिकून केला, हे या संदर्भात स्मरणीय आहे. मौखिक कथाही प्रयोजनाशिवाय सांगितली जात नाही. तिलाही कागदाइतकीच चिकित्सा लावली पाहिजे.

या चिकित्सेला आज व्यावहारिक महत्त्व आले आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार अनुसूचित जमातींव्यतिरिक्त अन्य पारंपरिक वननिवासींना १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा, रहिवास दाखवावा लागतो. २००८ च्या नियमांत गॅझेटिअर, जनगणना, बंदोबस्ताचे अहवाल आणि निस्ताराच्या नोंदी यांच्या बरोबरीने घर व विहिरीसारख्या दृश्य खुणा, जुन्या नोंदीतील व्यक्तीपर्यंत पोहोचणारी वंशावळ आणि वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब हेही पुरावे मानले आहेत; विशिष्टच कागदाचा आग्रह समित्यांनी धरू नये, असे २०१२ च्या दुरुस्तीने स्पष्ट केले. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, ही घटना सर्वपरिचित आहे. इतर अनेक गावांतील एखाद्या ढिवर कुटुंबाचा दावा मात्र आजोबांच्या नावाच्या दोन लेखनांतील तफावतीवरही अडू शकतो. ती तफावत बोलीची आहे की दोन भिन्न माणसांची, हे सांगणे भाषेच्या अभ्यासकाच्या कक्षेत येते.

म्हणून पदव्युत्तर विद्यार्थ्याने एकाच गावापासून, शक्यतो स्वतःच्या, आरंभ करावा. प्रथम घरातील कागद आणि वृद्धांची निवेदने; नंतर तलाठी, ग्रामपंचायत व शाळा; मग तहसील आणि भूमी अभिलेख कार्यालय; शेवटी नागपूर वा हैदराबाद, असा क्रम सोयीचा पडतो. प्रत्येक नोंदीची नक्कल मूळ लेखनासह घ्यावी. ‘शुद्ध’ करून उतरवू नये. नोंद कोणी, कोणत्या कामासाठी व कोणाच्या सांगण्यावरून केली, ते शेजारी लिहावे. निवेदकाची संमती आणि निवेदनाची तारीख नोंदवावी. संकलनाची एक प्रत महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आणि एक ग्रामसभेकडे राहावी. ज्यांच्या पूर्वजांची ती नावे आहेत, त्यांना गरजेच्या वेळी ती सापडली पाहिजेत.