बडीशेपेखालची नोट

बिलासोबत बडीशेपेची बशी आली की वास्कोतल्या कुठल्याही रेस्टॉरंटात टेबल क्षणभर गप्प होतं. दहा ठेवू की वीस? आणि मुळात मी का?

पोर्तुगीजमध्ये टिपेला ‘गोर्जेता’ म्हणतात. ‘गोर्जा’ म्हणजे घसा, तो ओला करायला दिलेले पैसे. जर्मन ‘ट्रिंकगेल्ड’ही पिण्याचाच. आपण सभ्य, आपलं ‘चहापाणी’. (कचेरीत हाच शब्द वेगळा वास सोडतो, ते असो.) दिवाळीत द्यायचं ते ‘पोस्त’.

मुरगाव बंदरात क्रूझ लागते, तिच्यावर हा संकोच फारसा नाही. अनेक कंपन्या माणशी, दिवसाला ठरावीक ‘ग्रॅच्युइटी’ परस्पर बिलात चढवतात. गोव्यातल्या कितीतरी तारवटींची (खलाशांची) घरं जहाजावरच्या पगारावर आणि टिपेवर उभी राहिली. रजेवर आलेला तारवटी बशीत नोट ठेवताना हात आखडत नाही, असं माझं तरी निरीक्षण आहे.

अमेरिकेत टिप मिळणाऱ्या कामगाराचं केंद्रीय किमान वेतन १९९१ पासून तासाला २.१३ डॉलरवरच अडकलंय. टिप धरूनही सर्वसाधारण किमान वेतनाचे ७.२५ डॉलर भरले नाहीत, तरच मालकाने फरक द्यायचा. म्हणजे मालकाचा पगारखर्च गिऱ्हाईक उचलतं, वर ‘थँक यू’ही तेच म्हणतं!

आपल्याकडे आयटीसीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सांगितलं, टिप हा पगार नव्हे. ती गिऱ्हाईक देतं, मालक नाही. म्हणून मालकाने तिच्यावर टीडीएस कापायचा नाही. ठीक. मग नोकरीवर घेताना ‘पगार कमी, पण टिप भरपूर’ हे कुठल्या तोंडाने सांगतात?

सर्व्हिस चार्जची तऱ्हा आणखी न्यारी. तो सरकारी कर नव्हे, उलट त्याच्यावरही जीएसटी लागतो. वेटरपर्यंत किती पोचला, हे बिलावर छापलेलं मी अजून पाहिलेलं नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी बजावलं, की तो परस्पर लावू नका, नाव बदलूनही नाही. हॉटेलवाले कोर्टात गेले. २८ मार्च २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयाने त्या सूचना उचलून धरल्या. लावलेला दिसला तर काढायला सांगा. ऐकलं नाही तर ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ फिरवा.

ब्रिटनमध्ये तर १ ऑक्टोबर २०२४ पासून टिपेतला छदामही मालकाने ठेवायचा नाही, असा कायदाच आहे.

रस-ऑमलेटच्या गाड्यावर मात्र टिपेचा प्रश्न कधी पडला नाही. अंडं फोडणारा, रस ओतणारा आणि पैसे घेणारा, तिन्ही मालकच. आपण एक पाव जास्त मागतो. बडीशेप तिथे नसतेच.