चौदा आणि पंधरा

उरुसात किंवा जत्रेत मिळणारे प्लॅस्टिकचे एक चौकोनी खेळणे तुम्ही पाहिले असेल. त्यात सोळा घरे असतात. पंधरा घरांत १ ते १५ अंकांच्या सोंगट्या असतात आणि एक घर रिकामे असते. सोंगट्या उचलायच्या नाहीत. फक्त सरकवून अंक ओळीने लावायचे.

माझ्या वर्गातील एका मुलाकडे हे खेळणे होते. त्याच्या धाकट्या भावाने १४ आणि १५ या सोंगट्या उपटून एकमेकींच्या जागी बसवल्या. बिचारा आठ दिवस धडपडला. शेवटी म्हणाला, "सर, मला डोकंच नाही."

अमेरिकेत १८८० साली या खेळाने लोकांना असेच वेड लावले होते. पुढे सॅम लॉइड यांनी १४-१५ चे कोडे सोडवणाऱ्यास १००० डॉलरचे बक्षीस जाहीर केले. ते कोणी जिंकणार तरी कसे? हे कोडे सुटणे अशक्य आहे, असे १८७९ सालीच एका गणिताच्या नियतकालिकात सिद्ध झाले होते!

कारण पाहा. घरांना बुद्धिबळाच्या पटासारखे काळे-पांढरे रंग आहेत असे समजा. सोंगटी सरकते तेव्हा तिची आणि रिकाम्या जागेची अदलाबदल होते. दर चालीला रिकामी जागा काळ्यावरून पांढऱ्यावर किंवा पांढऱ्यावरून काळ्यावर जाते. ती पुन्हा मूळ कोपऱ्यात यायची, तर चाली सम संख्येतच हव्यात. पण १४ आणि १५ यांची जागा बदलायला एकच अदलाबदल पुरते, म्हणजे विषम. जी मांडणी विषम अदलाबदलींनी होते, ती सम अदलाबदलींनी कधीच होत नाही.

पटत नाही? तीन वह्यांवर १, २, ३ लिहा. एका अदलाबदलीने २१३, १३२ किंवा ३२१ मिळेल. दोन अदलाबदलींनी १२३, २३१ किंवा ३१२. एकही मांडणी दोन्हींकडे नाही.

म्हणजे सोंगट्या कितीही फिरवा, अदलाबदलींची सम-विषमता आणि रिकाम्या घराचा रंग यांची जोडी तुटत नाही. बदलांमध्ये अशी न बदलणारी गोष्ट शोधणे, हे शास्त्रज्ञांचेही आवडते काम आहे. लव्हाझिए यांनी बंद भांड्यात कथील तापवले. कथलाचे रूप पालटले, पण भांड्याचे एकूण वजन तेवढेच राहिले.

त्या मुलाने तीन वह्या दोन-तीनदा मांडून पाहिल्या. मग काही न बोलता त्याने १४ आणि १५ उपटले आणि नीट बसवले.