हास्याचे भेद आणि वेदना

भरताने नाट्यशास्त्रात हास्याचे स्मितापासून अतिहसितापर्यंत सहा भेद मानले आहेत. आरोग्यचर्चेत मात्र 'हास्य' हा एकच शब्द सर्वांना लावला जातो, आणि तेथेच घोटाळा होतो. रॉबिन डनबार व त्यांचे सहकारी यांच्या २०११ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, विनोदी चित्रफिती पाहून खळखळून हसलेल्यांची वेदनासहनशक्ती वाढलेली आढळली. याचे कारण, त्यांच्या मते, विनोद नव्हे. लागोपाठच्या उच्छ्वासांनी स्नायूंना जे श्रम पडतात त्यांमुळे एंडॉर्फिन द्रव्ये स्रवत असावीत. स्मितात हे श्रम नाहीत. मुंबईत १९९५ साली डॉ. मदन कटारिया यांनी आरंभिलेल्या हास्यमंडळात पुढे विनोद वगळूनच हसू लागले. त्यास कृत्रिम म्हणून प्रस्तुत लेखकानेही नाक मुरडले आहे. तथापि तेथील उच्छ्वास खरा असतो. त्याने रोग बरे होतात, असे मात्र या प्रयोगांवरून म्हणता येत नाही.