तीन गोळ्यांची जूट

ओरोसला सिंधुदुर्ग जिल्ह्याचे मुख्यालय आले, इमारती उठल्या आणि त्यांच्यामागे शौचालयांच्या टाक्याही आल्या. टाकीच्या पाइपाला जाळी नसली की क्युलेक्स डासाला आयते घर मिळते. हाच डास हत्तीरोग पसरवतो, आणि राज्यातल्या हत्तीरोगग्रस्त जिल्ह्यांत सिंधुदुर्गचीही नोंद आहे.

या रोगाचा दोऱ्यासारखा कृमी लसिकावाहिन्यांत पाच-सात वर्षे जगतो. त्याची पिल्ले रात्री रक्तात उतरतात, म्हणून आरोग्य कर्मचारी रात्री दारात येऊन बोट टोचतात आणि काचपट्टीवर रक्त घेतात. पूर्वी उपचारासाठी डीईसी आणि अल्बेंडाझोल या औषधांची जोडी वर्षानुवर्षे द्यावी लागे. तिला आयव्हरमेक्टिनची जोड मिळाली आणि चित्र पालटले. पापुआ न्यू गिनीतल्या चाचणीत तिन्हींच्या एकाच मात्रेनंतर ९६ टक्के रुग्णांच्या रक्तात तीन वर्षांनीही पिल्ले नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये या उपचाराची शिफारस केली. २०१९ मध्ये तो नागपूर जिल्ह्यात पोहोचला.

सुजून घट्ट झालेला पाय मात्र कुठलीच गोळी पूर्ववत करत नाही, याचे फार वाईट वाटते. गोळ्यांनंतर थोडा ताप, मळमळ आली तर घाबरू नका. बहुधा ती पिल्ले मरत असल्याची खूण असते. गरोदर महिला, गंभीर आजारी आणि दोन वर्षांखालील मुले वगळता बाकी सगळ्यांनी, गोळ्या वाटपाची मोहीम दारात आली तर जेवून, कर्मचाऱ्यासमोरच त्या घ्याव्यात.