चकती परतताना नंबर लागतो!

जुने फोन उघडून दुरुस्त करणं हा माझा छंद. परवा भाचीला काळा डायलचा फोन दिला, तर तिने भोकांतले आकडे बटणांसारखे दाबले आणि म्हणाली, "मामा, हा बंद आहे का?"

तिच्यासारख्या सगळ्यांसाठी ही पोस्ट.

आधी रिसीव्हर उचलायचा, डायल टोन ऐकायचा. मग आकड्याच्या भोकात बोट घालून चकती धातूच्या अडसरापर्यंत फिरवायची आणि सोडून द्यायची.

खरी गंमत पुढेच. नंबर जातो तो चकती परतताना! त्या कर्रर्र आवाजात लाइन क्षणभर तुटते, जुळते. ५ ला ५ वेळा, ० ला १० वेळा. वेग सेकंदाला साधारण १० खटके. तो आतला गव्हर्नर सांभाळतो, म्हणून चकती बोटाने मागे ढकलायची नाही. राँग नंबर लागतो.

हे खटके मोजून लाइन जोडणारं यंत्र अमेरिकेतल्या आल्मन स्ट्राउजरचं, पेटंट १८९१ चं. गृहस्थाचा धंदा अंत्यविधीचा!

आपल्याकडे बिलाच्या धास्तीने डायलला छोटं कुलूप लावत. पोरं तरीही फोन लावायची. रिसीव्हर ठेवायचा खटका मोजून टपटप दाबला की एक्स्चेंजला तेच खटके पोचत.

आणि वीज? एक्स्चेंजच्या बॅटरीचे ४८ व्होल्ट तारेतूनच येत. घरची लाइट गेली तरी फोन चालू.

तुमच्या माळ्यावर असा फोन आहे? फोटो टाका, काही अडलं तर बिनधास्त विचारा.