पडद्यावर अजिंठा केवढा?

मोबाइलवर अजिंठ्याची लेणी शोधली, की वाघूर नदीचं घोड्याच्या नालासारखं वळण क्षणात समोर येतं. ते जेवढं दिसतं त्यावर भरवसा किती ठेवायचा? डिजिटल नकाशे पृथ्वीचा आकार खोटा दाखवतात, ही तक्रार आता सर्रास ऐकू येते. ती निम्मीच खरी आहे. नकाशामागच्या गणिताला पृथ्वीचं माप चोख ठाऊक असतं, बिघडतं ते चित्र. आणि हे माप काही उपग्रह आल्यावर हाती लागलेलं नाही. १८१९ मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला ही लेणी दिसली, तेव्हा विल्यम लॅम्ब्टनचं त्रिकोणमितीय सर्वेक्षण दख्खनमधून उत्तरेकडे सरकत होतं. १८२३ मध्ये लॅम्ब्टन हिंगणघाटला वारला. पुढे १८३० मध्ये सर्वेक्षणाच्या कामात त्याच्या जागी आलेल्या जॉर्ज एव्हरेस्टने पृथ्वीची विषुववृत्तीय त्रिज्या ६३७७.२७६ किलोमीटर ठरवली. आजचं जीपीएस ती ६३७८.१३७ धरतं. साखळ्या आणि थिओडोलाइट डोंगरोडोंगरी वाहून नेत केलेल्या मोजणीत चूक एक किलोमीटरचीही नाही!

चित्राची गोष्ट वेगळी. बहुतेक ऑनलाइन नकाशे मर्केटरने १५६९ मध्ये खलाशांसाठी काढलेल्या पद्धतीवर बेतलेले आहेत. गोलावर रेखावृत्तं ध्रुवाकडे एकमेकांजवळ येत जातात, या नकाशात मात्र ती समांतर उभी असतात. विषुववृत्तावर रेखांशाचा एक अंश १११ किलोमीटर भरतो, अजिंठ्याच्या अक्षांशावर, म्हणजे साडेवीस अंशांवर, तो १०४ किलोमीटरच उरतो. पडद्यावर दोन्हींना रुंदी सारखीच. आकृती वेडीवाकडी होऊ नये म्हणून उंचीही त्याच प्रमाणात ताणली जाते, त्यामुळे विषुववृत्ताच्या मानाने अजिंठ्याचा परिसर क्षेत्रफळात सुमारे १४ टक्के फुगतो. आजूबाजूचं सगळंच तेवढं फुगल्यामुळे कुणाला जाणवत नाही. काश्मीरमधला एक चौरस किलोमीटर मात्र कन्याकुमारीतल्यापेक्षा जवळजवळ दीडपट जागा घेतो. ग्रीनलंडच्या मध्यावर तर ही वाढ दहापटीच्या वर जाते. म्हणून २१.६६ लाख चौरस किलोमीटरचं ग्रीनलंड ३२.८७ लाखांच्या भारतापेक्षा कितीतरी मोठं दिसतं.

मग जवळच्या फर्दापूर गावाहून लेण्यांपर्यंतचं अंतरही चुकीचंच का, असं कुणी विचारेल. ते चुकत नाही, कारण अंतर चित्रावरून मोजलेलं नसतं; अक्षांश-रेखांशांवरून गोलाच्या गणिताने काढलेलं असतं. कोपऱ्यातली प्रमाणपट्टीही उत्तरेकडे सरकताना बदलते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: क्षेत्रफळ खरं दाखवणाऱ्या पद्धती असताना ही का वापरायची? कारण झूम करून गल्लीत उतरल्यावर काटकोनी चौक काटकोनीच दिसावा लागतो आणि उत्तर वरच राहावी लागते. क्षेत्रफळ राखणाऱ्या जगाच्या नकाशात बहुतेक ठिकाणी हे दोन्ही जमत नाही. रस्ता शोधणाऱ्यासाठी ही निवड योग्यच आहे. देशांची तुलना करणाऱ्यासाठी ती घातक, आणि शाळेच्या भिंतीवर तर तिचं काहीच काम नाही. गूगलने २०१८ मध्ये संगणकावर पूर्ण झूम-आउट केल्यावर पृथ्वीचा गोल दाखवायला सुरुवात केली, ते या तक्रारीला दिलेलं रास्त उत्तर म्हणता येईल.

पण अजिंठ्याला आणखी एक अडचण आहे आणि ती गोल दाखवूनही सुटत नाही. क्षेत्रफळाचा अचूक आकडासुद्धा आडव्या जमिनीचाच असतो. इथली सगळी श्रीमंती सुमारे ७६ मीटर उंचीच्या उभ्या कड्यात कोरलेली आहे, आणि वरून पाहता उभ्या कड्याचं क्षेत्रफळ जवळजवळ शून्य. २००० मध्ये अमेरिकी अवकाशयानाने रडारने टिपलेली उंची अनेक त्रिमितीय नकाशांना आधार देते. तिचा एक चौकोन सुमारे ३० मीटरचा असतो, त्यामुळे हा कडा दोन-तीन चौकोनांत मावून साधा उतार होऊन बसतो. शिवाय अशा नोंदीत प्रत्येक ठिकाणाला उंची एकच देता येते. दहाव्या लेण्याचा चैत्य डोंगरात सुमारे ३० मीटर आत गेला आहे. तिथे माथ्याची उंची नोंदली, की खालच्या चैत्याच्या जमिनीला जागाच उरत नाही.